कर्नाळ्याची पालथी बाजू

‘पापुद्रा’ या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात चित्राचा एक नमुना असायचा आणि तो कायम उलटा छापलेला असायचा. खाली ठरलेली ओळ असायची: ‘नमुना उलटा छापला आहे. सुलटा दिसल्यास संपादकांना ताबडतोब कळवावे.’ नव्या सभासदाला वाटायचं, छपाई चुकली आणि वर कबुलीही देऊन टाकली. जुना सभासद मात्र अंक हातात पडला की आधी नमुना तपासायचा आणि मगच बाकीची पानं चाळायचा.

कारण साधं होतं. व्हिनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ काप. सुतार तो प्लायवर चिकटवून साध्या कपाटाला सागवानी रुबाब आणतात. पनवेलच्या व्हिनियर कला मंडळाचे सभासद त्याची चित्रं करत. रंगाचा एक थेंबही वापरायचा नाही. मेपल दुधासारखा, साग उसाच्या काकवीसारखा, शिसव जवळजवळ काळी. ज्या लाकडाचा जो रंग, तोच चित्राचा रंग. तुकडे कापून एकमेकांत असे बसवायचे की सांध्यातून केस जाऊ नये. हे सगळं काम मागच्या बाजूने चाले. नमुन्याचा कागद व्हिनियरच्या पाठीवर चिकटवायचा, त्याच्या रेषांवरून कापायचं, जोडायचं आणि शेवटी सगळं पालथं घालायचं. तेव्हा कुठे चित्राचं तोंड पहिल्यांदा दिसायचं. म्हणून कागदावर जे डावीकडे, ते चित्रात उजवीकडे.

सभासद सुलटा नमुना पाठवत आणि तो उलटा करायचं काम संपादकाचं. संपादक होती चारुता पेंडसे. विमा कंपनीतली नोकरी आणि नवीन पनवेलमधलं घर सांभाळून ती दर तीन महिन्यांनी मंडळाच्या ‘पापुद्रा’चा अंक काढायची. तिच्या हातून एकही नमुना सुलटा गेला नव्हता. मंडळात तिचा दरारा होता तो त्यामुळेच. आणखी एका गोष्टीसाठी लोक तिचं नाव काढत. प्रत्येक अंकाच्या दुसऱ्या पानावर ती खऱ्या व्हिनियरची अंगठ्याएवढी पट्टी स्वतः चिकटवायची. कधी अक्रोड, कधी फणस, कधी नावही न ऐकलेलं एखादं आफ्रिकेतलं लाकूड. सावंतवाडीच्या एका बाईंनी कळवलं होतं की अंक आला की त्या आधी ती पट्टी नाकाशी नेतात, मग दिव्याखाली धरून तिरकी करतात, आणि रेषांमधून उजेड सरकताना बघून त्यांना देवघरात उभं राहिल्यासारखं वाटतं. नागपुरात काय आणि नाशकात काय, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं त्या पट्टीमुळे एका घरातली झाली होती.

हे सगळं सुरू केलं दीनानाथ घरत यांनी. विचुंब्याचे. पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवत. कुणाच्या तरी बंगल्याचं काम चाललेलं असताना सुतारांनी फेकलेले व्हिनियरचे तुकडे त्यांनी पिशवीत भरून घरी आणले, त्यांचं एक बगळ्याचं चित्र केलं आणि मग त्यांना दुसरं काही सुचेनाच. पहिला वर्ग त्यांच्या ओटीवर भरला. चारुता त्याच वर्गातली. त्यांची बायको रंभाबाई यांनी या कलेविषयी कधी बरंवाईट मत दिलं नाही. त्या तुकड्यांना ‘साली’ म्हणायच्या आणि रोज संध्याकाळी ओटी झाडून त्या साली सुपात भरायच्या. भिंतीवर बगळे झाले, होड्या झाल्या, शेकरू झालं. रंभाबाई चहा द्यायच्या आणि आत जायच्या. “काकूंना एकदा तरी ‘छान’ म्हणताना ऐकायचंय,” असं हितेश म्हणायचा. हितेश म्हणजे पळस्प्याचा प्लायवाला, मंडळाचा सभासद आणि मंडळाला फुकट जागा देणारा एकमेव माणूस.

दोन हजार दहाच्या पावसाळ्यात घरत सरांच्या डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. सरांनी ते मंडळाच्या सभेत हसत सांगितलं. “माणसाचं तोंड दिसत नाही आता, फक्त कान दिसतात. तसे तुमच्यातले बरेच जण कानांनीच बरे दिसता.” सगळे हसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचं आहे तेही हळूहळू मंद होत जाईल. बघायचं ते लवकर बघून घ्या.

त्या सभेतच ठरलं. सरांनी एक चित्र द्यायचं, दाराएवढं मोठं. ‘पापुद्रा’च्या दिवाळी अंकात त्याचा नमुना तुकड्यातुकड्यांनी छापायचा. प्रत्येक सभासदाने एकेक तुकडा करून पाठवायचा. सगळे तुकडे जोडून सरांना ते चित्र दाखवायचं, त्यांना दिसतंय तोवर. कुणी भाषण केलं नाही, पण त्या दिवसापासून सगळ्या मंडळाला घाई लागली.

सर गुंडाळी घेऊन स्वतः चारुताच्या घरी आले. कर्नाळा काढलाय, एवढंच म्हणाले आणि चहा पिऊन गेले. चारुताने गुंडाळी उलगडली. जाड मार्करच्या, थोड्या थरथरत्या पण कुठेही न चुकलेल्या रेषा. मधोमध अंगठ्यासारखा सुळका, एका बाजूला एकदम तुटलेला कडा आणि दुसऱ्या बाजूला हत्तीच्या सोंडेसारखा लांबलचक उतार. तिने मान वर केली. तिच्या गॅलरीतून कर्नाळा दिसायचा. खऱ्या डोंगराची सोंड उजवीकडे होती, कागदावरची डावीकडे.

सर नेहमी सुलटं चित्र देत. या वेळी त्यांनी आपणच उलटं करून दिलं असावं, तिचं काम वाचावं म्हणून. किंवा डोळ्यांमुळे तसं झालं असेल. काहीही असलं तरी विचारायला हवं होतं. तिने फोन हातात घेतला. पण स्वतःचंच चित्र धड न दिसणाऱ्या माणसाला ‘सर, हे सुलटं आहे का?’ कसं विचारायचं? तिने फोन ठेवून दिला. चित्र आधीच उलटं आहे, मग आपण ते फिरवायचं नाही, असं ठरवून तिने ते होतं तसं छापायला दिलं. प्रूफ आलं तेव्हा पानावरचा कर्नाळा उलटा होता. ‘पापुद्रा’त असायला हवा तसाच. तिने सही केली.

चित्राचे भाग पाडले उदयसिंह घोरपडे यांनी. ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, मंडळातले सगळ्यात कडक परीक्षक. केसाएवढी फट दिसली तरी बोट ठेवून ‘इथून रिक्षा जाईल’ म्हणायचे. प्रत्येक भागावर त्यांनी लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला हव्यात त्याचा बाण काढला होता. दिवाळीत अंक गावोगाव गेले, आणि हिवाळा सरता सरता तुकडे परत यायला लागले. कुणी पुठ्ठ्यात बांधून, कुणी पाटीच्या चौकटीत घालून. सावंतवाडीच्या बाईंनी तांदळाच्या पिठात ठेवून पाठवला, ओल लागू नये म्हणून. आभाळाचा एक तुकडा नाशिकचा होता, त्याला लागून असलेला दुसरा नागपूरचा. ज्यांनी ते कापले त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी पळस्प्याला हितेशच्या गोदामात जोडणी झाली. बाहेर गोव्याकडे जाणारे ट्रक धडधडत होते. आत प्लायचे गठ्ठे, लोखंडी प्रेस आणि मधोमध लांब टेबल. सगळे तुकडे कागदाची बाजू वर करून ठेवले होते. उदयसिंह एकेक उचलून जागेवर सरकवत होते. सकाळभर त्यांना रिक्षा जाण्याएवढी फट कुठेच सापडली नाही, त्यामुळे ते जरा बेचैनच होते. शेवटचा तुकडा बसला. वर प्लायची एक फळी ठेवली, खाली एक होतीच, आणि चौघांनी दोन फळ्यांमध्ये धरून तो दाराएवढा पापुद्रा पालथा घातला. हितेशने वरची फळी उचलली.

कर्नाळा समोर होता. नुसता ओळखू येत होता असं नाही, तो तिथे होता. आभाळ मेपलचं, आणि नाशिकच्या माणसाने उचललेली लाकडाची रेष नागपूरच्या माणसाने तशीच पुढे नेली होती. दोघांत ठरलेलं काही नसताना एकच ढग दोन तुकड्यांतून सरळ गेला होता. सुळका शिसवीचा. कड्याखालच्या सावल्या तापल्या वाळूत व्हिनियरची कड भाजून आणलेल्या, त्यामुळे सावली कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. सोंडेसारखा उतार सागाचा, आणि त्यावरच्या आडव्या रेषा इतक्या नेमक्या की डोंगरावरच्या पायवाटा कुणीतरी झाडात आधीच वाढवून ठेवल्या होत्या असं वाटावं. चारुता इतकी वर्षं ही कला छापत होती. आज तिला वाटलं की आपण आजवर नुसती अक्षरं छापत होतो, गोष्ट आज वाचली.

मंडळाची एक रीत होती. प्लायवर चिकटवण्याआधी चित्र नमुना देणाऱ्यापुढे ठेवायचं आणि त्याने त्यावरून तळहात फिरवायचा. चिकटवल्यावर काही बदलता येत नाही, म्हणून ही शेवटची परवानगी. दुपारी हितेशने गाडी पाठवून सरांना आणि रंभाबाईंना आणलं. रंभाबाई दाराशी खुर्चीवर बसल्या, चहाचा ग्लास हातात घेतला आणि ट्रक बघत राहिल्या.

सर टेबलाशी उभे राहिले. समोर बघायचं तर त्यांना मान बाजूला वळवावी लागे, कोंबडी दाणा बघते तशी. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग तळहात ठेवला. बोटं सुळक्यावरून चढली, उतरली आणि डावीकडे सरकली. तिथे कडा संपून आभाळ लागलं. बोटं थांबली. पुन्हा सुळक्यावर गेली, पुन्हा डावीकडे. मग हळूहळू उजवीकडे जाऊन सोंडेवर टेकली आणि तिथेच राहिली. चारुता त्यांच्या शेजारी उभी होती, म्हणून ते थांबणं फक्त तिला दिसलं.

“सुरेख झालंय,” सर म्हणाले. “कुणाचाच हात चुकलेला नाही. चिकटवा.”

मग त्यांनी बायकोला हाक मारून बघायला सांगितलं. रंभाबाई उठल्या, दुरूनच पाहिलं, कर्नाला हाय, रोजचाच तर हाय, म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या. हितेशने चारुताकडे बघून भुवया उडवल्या. सर हसले, पण ते हसू चारुताला नेहमीचं वाटलं नाही. काहीतरी चुकलं होतं. काय ते तिला कळत नव्हतं, आणि चिकटवल्यावर कळून उपयोग नव्हता.

पुढचं काम नेहमीचं. तोंडाच्या बाजूने सांध्यांवर कागदी टेपच्या पट्ट्या लावल्या, फळ्यांमध्ये धरून पापुद्रा पुन्हा पालथा घातला, आणि पाठीवरचा नमुन्याचा कागद ओल्या स्पंजाने भिजवून खरवडायला घेतला. ही बाजू कोणी बघत नाही. ती आधी कागदाखाली असते, मग घटकाभर उघडी पडते आणि लगेच फेविकॉलमध्ये जाते. हितेश आणि उदयसिंह बोलत बोलत खरवडत होते. कागद लगद्यासारखा निघत होता आणि खालून ओलं लाकूड वर येत होतं. ओलं लाकूड नेहमीच गडद होतं, पॉलिश मारल्यावर होणार असतं तसं. शिसव चमकली. साग पेटल्यासारखा लाल झाला.

रंभाबाई ग्लास ठेवायला टेबलाकडे आल्या आणि ग्लास हातातच राहिला.

“हा आमचा हाय,” त्या म्हणाल्या.

हितेश म्हणाला, काकू, मघाशी दाखवला तोच हा, फक्त पाठ. रंभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या टेबलावर वाकल्या होत्या. त्यांनी सांगितलं, कुणा एकाला नाही, सगळ्यांनाच. त्यांचं माहेर कर्नाळ्याच्या खिंडीपलीकडचं, खारपाड्याच्या बाजूचं. तिथल्या दारातून डोंगर असा दिसतो, सोंड डावीकडे. लहानपणी ढोरं वळताना असाच, पाणी भरताना असाच. दुसऱ्या कुठल्या बाजूने त्याला बघायचा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“लगीन होऊन गाडी खिंडीतून इकडं आली नि सकाली उठून बघते तर आमचा डोंगर पालथा,” त्या म्हणाल्या. “ह्यांना सांगितलं तवा. काय बोललं नाय. मला वाटलं, ऐकलं नसंल.”

सर मान तिरकी करून उभे होते. त्यांची नजर चित्राकडे होती की बायकोकडे, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

“ऐकलं होतं,” ते म्हणाले. “पावसाळ्यात एसटीनं जाऊन खारपाड्याच्या पुलाच्या अलीकडे बसलो आणि काढला. कडेकडेनं बघून.”

“आन मला सांगून गेले, डोल्यांच्या डाक्टरकडं चाललोय.”

चारुताला आता उलगडलं. चित्र उलटं नव्हतं. सरांनी ते सुलटंच दिलं होतं, नेहमीसारखं, पण डोंगराच्या पलीकडे बसून. गॅलरीतून मान वर करून तिने जे तपासलं, ते सरांचं चित्र नव्हतंच. ते तिचं पनवेल होतं. तिने ते उलटं करायला हवं होतं आणि केलं नाही, म्हणून नागपूर-नाशिक-सावंतवाडीच्या हातांनी कापलेला डोंगर तोंडाच्या बाजूने पनवेलचा झाला. सरांनी जो एकदा डोळे भरून बघायचा ठरवला होता, तो पाठीला गेला. आणखी थोडा वेळ, आणि तो फेविकॉलमध्ये गेला असता.

“सर, तुमचा नमुना मी फिरवलाच नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही आधीच...”

“डोळे गेलेत, हात नाही गेला अजून,” सर म्हणाले. त्यात राग नव्हता. शाळेत एखाद्याची रेष वाकडी गेली की ते ज्या आवाजात बोलत, तोच आवाज होता. “विचारायचंस की, पोरी. मी काय खाल्लं असतं तुला?”

मग ते म्हणाले की चित्र मंडळाचं आहे. लोकांनी तोंडाची बाजू निवडून काम केलंय, तीच वर राहू द्या. मी बघितलं, हिने बघितलं, झालं. आणि ते खुर्चीकडे वळले.

उदयसिंहांचं म्हणणंही तेच होतं, पण त्यांच्या पद्धतीने. प्रत्येक सभासदाने आपल्या व्हिनियरची चांगली बाजू तोंडाला ठेवली आहे. पाठीला सुरीचे ओरखडे असतात. शिवाय लाकडाचा तंतू एका बाजूला कललेला असतो, काप पालथा घातला की त्याची चमक बदलते, जिथे उजेड हवा तिथे अंधार येतो. बाण काढताना त्यांनी सगळा हिशेब एका बाजूचा केला होता. आता बाजू बदलायची तर टेप दुसऱ्या बाजूला लावायची, पहिली काढायची, त्यात एखादा सांधा सुटला तर ह्या जन्मात पुन्हा जुळणार नाही. हितेशने मध्येच सांगितलं की वाद घाला हवा तेवढा, पण लाकूड ओलं आहे. उघडं राहिलं तर पापडासारखं वळेल. काय ते आत्ता सांगा.

सगळे चारुताकडे बघत होते. चूक झाली तर निकाल संपादकाने द्यायचा, हा मंडळाचा नियम तिनेच घालून दिला होता.

ती टेबलाशी आली आणि पहिल्यांदा त्या पाठीकडे पाठ म्हणून नाही, चित्र म्हणून बघू लागली. दाराकडून आलेला दुपारचा उजेड लाकडावर आडवा पडला होता. तोंडाच्या बाजूला जिथे कडा काळोखात बुडाला होता, तिथे इकडे शिसवीच्या आतून तांबूस उजेड येत होता. सोंडेचा उतार तिकडे उन्हात होता, इकडे तो निळसर सावलीत शांत पडला होता. तिकडे संध्याकाळ होती. इकडे सकाळ. कुणी ती काढली नव्हती. एवढ्या माणसांपैकी एकानेही ही बाजू नजरेसमोर ठेवून सुरी चालवली नव्हती, आणि तरी प्रत्येक सुरी आरपार गेली होती, म्हणून प्रत्येकाच्या हातून नकळत दुसरा डोंगरही कापला गेला होता. तिने एक पाऊल उजवीकडे टाकलं. उजेड कड्यावरून खाली घरंगळला आणि पायथ्याच्या रानात शिरला.

“उदयसिंह, इकडून चालत या,” ती म्हणाली.

उदयसिंह टेबलाच्या त्या टोकापासून चालत आले, नजर लाकडावर. मध्येच थांबले. मागे गेले, पुन्हा आले. जमीन मोजायला शिकलेला माणूस, त्याने वाकून टेबलाच्या कडेशी डोळा लावला आणि सुळक्यावरून उजेड सरकताना पाहिला. ओरखडे होते, एकदोन. त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला, पण रिक्षेचं नाव काढलं नाही.

“टेप आणा,” ते म्हणाले. “बारीक फाडा. आणि कुणी बोलू नका.”

ओलसर पाठीवर सांध्यासांध्याने नवी टेप बसली. फळ्यांमध्ये धरून पापुद्रा आणखी एकदा पालथा घातला, आणि पनवेलचा कर्नाळा पुन्हा वर आला. आता त्याच्यावरच्या पट्ट्या भिजवून काढायच्या होत्या. ते काम चारुताने कुणाला करू दिलं नाही. एकेक पट्टी निघत गेली तसं ते मेपलचं आभाळ, तो नाशिक-नागपूरचा ढग, गॅलरीतून रोज दिसणारी ती सोंड उघडी पडत गेली. ही बाजू आता कुणालाच दिसणार नव्हती. सभासदांना हे कळवावं लागेल, तुमची चांगली बाजू आम्ही आत घातली म्हणून, आणि काही जण चिडतील. एकही सांधा सुटला नाही. तिने कोरडा तळहात एकदा त्यावरून फिरवला. मग हितेशने प्लायच्या फळीवर फेविकॉलचा पांढरा थर ओढला, पनवेलची बाजू खाली करून पापुद्रा त्यावर उतरवला आणि प्रेसचं चाक फिरवायला घेतलं. लोखंड खाली येईपर्यंत सगळे उभे होते. सरसुद्धा.

रविवारी सकाळी प्रेस उघडली. टेप काढली, वरून पातळ पॉलिशचा एक हात मारला आणि चित्र भिंतीला टेकवून उभं केलं. गोदामाचं शटर पूर्ण वर होतं. सर दारातून आत आले आणि सवयीने मान वळवू लागले, डावीकडून, उजवीकडून.

“हितं नाय,” रंभाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि त्यांना दोन पावलं बाजूला सरकवलं, मग आणखी अर्धं, माठ तिवईवर नीट बसवावा तसं. “हितं. आता माझ्याकडं बघा.”

सरांनी समोरचा डोंगर सोडून तिच्याकडे पाहिलं. मधल्या डागात त्यांना बायकोचं तोंड दिसत नव्हतं. पण त्या डागाच्या कडेने सुळका उभा राहिला, आणि त्याच्या खांद्यावरून सकाळचं ऊन सोंडेवर उतरू लागलं. त्यांचा हात थोडा वर झाला आणि हवेतच राहिला. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते. बाहेरचे ट्रकही थांबलेत की काय, असं चारुताला वाटलं.

रंभाबाई मात्र कामाला लागल्या होत्या. त्या चित्राजवळ गेल्या आणि बोट न टेकवता दाखवू लागल्या. ही पाखाडी, दगडी पायऱ्यांची. इथून खाली झरा यायचा. ही आमराई, आता असंल नसंल. बोट सागावरून, फणसावरून खाली खाली येत गेलं, चित्राच्या कडेशी आलं, कड ओलांडून गोदामाच्या सिमेंटवर गेलं. त्या उकिडव्या बसल्या आणि जमिनीपासून वीतभर वर, काहीच नसलेल्या जागी बोट ठेवलं.

“आन हितं आमचं घर,” त्या म्हणाल्या. “लाकूड पुरलं नाय तुमचं.”

सर गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू त्यांच्याशेजारी वाकले आणि मान तिरकी करून ते घर शोधू लागले.